बेंद्र्यांसारखे ठिपके टाकले की चित्र मळकट का होतं?

तुमचा प्रश्न असा: बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी रस्त्यालगतची लाल माती आणि भातशेती चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखी ठिपक्यांनी रंगवली, तर सगळं मळकट राखाडी का दिसतं?

बेंद्रे ठिपक्यांकडे फार उशिरा वळले. जन्म १९१० चा, इंदूरचा. तिथे कलाशिक्षक देवळालीकरांकडे शिक्षण, मग काश्मीरसह ठिकठिकाणची निसर्गचित्रं. १९५० ते १९६६ बडोद्याला अध्यापन. ज्योती भट्ट, शांती दवे हे चित्रकार त्यांचेच विद्यार्थी. बडोदा सोडून मुंबईत आल्यावर ठिपक्यांची चित्रं आली, तोवर छायाप्रकाश हाताला पक्का बसला होता. तुमचं घोडं तिथेच अडलंय असं मला वाटतं.

एका सावलीतले ठिपके रंगाने वेगळे हवेत, पण गडदपणाने सारखे. जांभळा, निळा, तांबूस, काहीही चालेल. चित्राचा मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. सावलीतला एखादा ठिपका सुटून दिसला, तर त्याचा टोन, म्हणजे गडदपणा, चुकला. काळा रंग डबीतच राहू द्या.

दुसरं, लाल आणि हिरवे बारीक ठिपके निम्मे-निम्मे पडले की लांबून डोळा त्यांचा तपकिरी-राखाडी करतो. एकाला वरचढ ठेवा: शेतात चार हिरव्यांमागे एक लाल, बांधावर उलट.

मातीचा रंग ठरवण्याआधी जांभ्या दगडाचा ताजा कापलेला चिरा हातात घ्या. भोकांच्या आत पिवळट, कडांना विटकरी, मध्येच जवळजवळ जांभळी शीर. जुन्या भिंतीतल्या चिऱ्यावर शेवाळाचा काळपट हिरवा. एका चिऱ्यात इतकं असतं. म्हणून यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन (निळा) एवढ्या रंगांवर भागतं.

ठिपक्यांसाठी अॅक्रिलिक घ्या. पोस्टर कलरचा खालचा थर पाण्याने पुन्हा सुटतो आणि वरचा ठिपका घाण होतो. ३०० जीएसएमच्या जाड कागदावर आधी बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश, म्हणजे पाणी घातलेला सलग थर, द्या, पूर्ण वाळू द्या. १५ बाय २२ इंचाच्या कागदावर पुढचे ठिपके ४-५ मिलिमीटर, डोंगराकडे १-२. मध्ये वॉश दिसू द्या. फटी बुजवल्या की चित्रातला मोकळेपणा जातो. दर दहा मिनिटांनी सहा-सात फूट मागे जाऊन बघा.

जून ते सप्टेंबर तिकडे कागद वाळतच नाही. तेव्हा जागेवर फक्त पेन्सिलीने तीन टोनचं स्केच करा, ठिपके घरी.