व्यसनमुक्ती केंद्रात नव्याने काम सुरू करताना

पेशंटला आत्महत्येबद्दल विचारायला घाबरू नकोस. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. आडवळणाने नको. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं सरळ, शांतपणे विचार. उत्तर ‘हो’ आलं, तर कधीपासून, काही ठरवलंय का, आधी प्रयत्न झालाय का, हेही विचार. त्याला एकटं सोडू नकोस आणि लगेच डॉक्टरांना कळव. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीच देऊ नकोस.

चिंतेचं थोडं गुंतागुंतीचं आहे. दारू थांबल्यावर पहिल्या 24 ते 72 तासांत थरथर, घाम, धडधड, बेचैनी शिगेला पोचते. ती शरीराची प्रतिक्रिया असते, तिथे औषधोपचार लागतो. नुसत्या समजुतीच्या गोष्टींनी भागत नाही. पुढच्या काही आठवड्यांत अनेकांची चिंता ओसरते. महिनाभराने ती तशीच असेल, तर चिंतेचा वेगळा आजार आहे का हे मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घे. ‘व्यसनाचाच भाग आहे’ म्हणून ती सोडून देणं मला अजिबात पटत नाही. झोप न लागणाऱ्या पेशंटकडे तर खास लक्ष दे.

डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे फार नाजूक. सुरक्षिततेची योजना त्याआधीच त्याच्यासोबत बसून, त्याच्याच शब्दांत लिहून काढ: धोक्याच्या खुणा, कुणाला फोन करायचा, घरातून काय दूर ठेवायचं. पहिला फोन तू कर, त्याची वाट पाहू नकोस.