आखाजीचे पाहुणे आणि फाटकातला वाघ्या

प्रश्न : डॉक्टर ताई, पाचोऱ्याला आमचं बैठं घर आहे, समोरच रहदारीचा रस्ता. दीड वर्षाचा गावठी कुत्रा आहे, वाघ्या. फाटक उघडलं की सुटलाच. हाक मारली तर आणखी लांब पळतो. मुलगा त्याला ‘कम’ म्हणतो, सासूबाई ‘आठे ये’, मी ‘वाघ्या, इकडे’. जेवताना जवळ कुणी गेलं की गुरगुरतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा येतील, बरोबर तीन लहान मुलं. घरचे म्हणतात, चार दिवस गच्चीवर बांधून टाकू. मला ते पटत नाही. दुसरं काय करता येईल? महिनाभर हातात आहे.

उत्तर : तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. आखाजी येते एप्रिलच्या अखेरीस नाहीतर मे महिन्यात. तेव्हा आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर असतो, भुसावळकडे 45 च्याही पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि हवाच तापलेली असेल तर धापाही पुऱ्या पडत नाहीत. गच्चीच्या स्लॅबवर हात उलटा ठेवून बघा. सात सेकंद ठेववला नाही, तर तिथे त्याचे पंजे भाजणार. नोकरीच्या काळात मे महिन्यात माझ्याकडे आणलेली कितीतरी कुत्री गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली होती. चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या. असं दिसलं तर सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांकडे निघा. बर्फ लावू नका, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. शिवाय कुत्र्याला सतत आखूड साखळीने बांधून ठेवणं आणि फिरवूनही न आणणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

आता फाटक. हे मी पोटतिडकीने लिहिते आहे. चोपड्याला असताना माझा पहिला कुत्रा, मोती, दूधवाल्याने फाटक उघडल्याबरोबर बाहेर पडला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला. दूधवाल्याची चूक नव्हती. दिवसभर मी लोकांची गुरं तपासत होते, पण घरच्या कुत्र्याला दाराशी थांबायला शिकवलं नव्हतं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक कुत्र्याला मी सगळ्यात आधी फाटक शिकवलं.

ते असं. वाघ्याला पट्टा आणि दोर लावून फाटकाशी न्या. तो बसला की कडीला हात लावा. बसून राहिला तर लगेच खाऊ, उठला तर हात मागे. रागवायचं नाही, फक्त कडी उघडायची नाही. दोन-तीन दिवसांत त्याच्या लक्षात येतं की आपण उठलो की फाटक बंद होतं. मग वीतभर उघडा, मग हातभर, मग पूर्ण. त्यानंतर तुम्ही एक पाऊल बाहेर टाका आणि त्याला आतच थांबू द्या. बाहेर न्यायचा असेल तेव्हाही तुम्ही ‘चल’ म्हटल्यावरच त्याने उंबरा ओलांडायचा. खाऊ म्हणजे उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, तीही सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. पंधरा दिवसांनी मुलाला बाहेरून सायकल घेऊन जायला सांगा आणि तेव्हाही वाघ्या बसतो का बघा. मात्र तो कितीही शिकला तरी फाटकाला आतून दुसरी कडी लावा आणि आखाजीच्या चार दिवसांत दोर काढू नका. पाहुण्यांची मुलं फाटक उघडं टाकणारच.

हाकेचं कोडं तुमच्या पत्रातच सुटलं आहे. तीन माणसं, तीन हाका. त्या बिचाऱ्याने कोणती ऐकायची? तुमच्या घरी ‘आठे ये’ ठरवा. सासूबाई दिवसभर घरी असतात, त्यांच्या तोंडून अहिराणीच येणार, तेव्हा मुलाने आणि तुम्ही त्यांचा शब्द उचलावा. अंगणात वीस-पंचवीस फुटांचा दोर लावून हाक मारा, आला की खाऊ द्या आणि पुन्हा खेळायला सोडा. पळून आलेल्या कुत्र्याला जवळ बोलावून मारणं ही मोठी चूक. तो पळाल्याची शिक्षा समजत नाही, जवळ आल्याची समजतो. वाघ्या हाकेने लांब पळतो, याचा अर्थ कधीतरी असं झालं असावं. घरात विचारून बघा.

गुरगुरण्यावर मारू नका. गुरगुरणं म्हणजे ‘आता पुढे येऊ नका’ असं त्याचं सांगणं. मारून ते बंद केलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. त्याचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून द्या. खाताना मुलांनी जवळ जायचं नाही, झोपलेला असताना हात लावायचा नाही, गळ्यात पडायचं नाही. एवढं मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. तरी मोठं माणूस समोर नसताना मुलं आणि कुत्रा एका खोलीत नकोत, मग तो कितीही गरीब असो. इतर वेळी ताटली भरलेली असताना लांबून जाताजाता अंड्याचा तुकडा तिच्याकडे टाका आणि न थांबता पुढे जा. हळूहळू माणूस जवळ येणं त्याला आवडू लागेल. तो ताठरला, तर तुम्ही घाई केली असं समजा आणि आणखी लांबून टाका.

आणि आखाजीचं ताट. आमरस झाला की कोयी बादलीत पडतात, आणि कुत्रा नेमका तिथे जातो. कोय आतड्यात अडकली तर पोट उघडावं लागतं. त्या बादलीला झाकण हवंच. शेवभाजीचा रस्सा, कांद्याची पात घातलेलं भरीत, लसणाचा ठेचा, यातलं काही त्याच्या भाकरीवर घालू नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि शिजवल्यानेही ते टळत नाही. चार-पाच दिवसांनी कुत्रा मलूल पडतो, हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी तांबूस होते. तोवर जेवणात काय गेलं होतं हे घरच्यांना आठवतही नाही. सासूबाई प्रेमाने घालत असतील, तर त्यांच्या हाती साधी भाकरी आणि अंडं द्या.

प्रश्न : शिरपूर तालुक्यात शेत आहे. घरात कापूस भरलेला, शेजारी गाईंची सरकी पेंड. उंदीर फार, काळं औषध ठेवावं लागतं. कुत्र्याला सांभाळायचं कसं?

उत्तर : ते काळं औषध बहुतेक जिंक फॉस्फाइड असतं. पोटातल्या आम्लाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. पोटात अन्न गेलं की आम्ल आणखी सुटतं, म्हणून कुत्र्याने ते औषध खाल्लं तर त्याला वर काही खाऊ घालायचं नाही. दूध पाजू नका, भाकर घालू नका, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. पाकीट बरोबर घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. वाटेत ओकला तर गाडीच्या काचा खाली करा, त्या ओकारीचा वायू माणसालाही बाधतो. औषधाऐवजी पिंजरे लावता आले तर उत्तम. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते कुत्र्याच्या हृदयाला घातक आहे. चवीने रोज थोडी थोडी पेंड खाणाऱ्या कुत्र्याला काही आठवड्यांनी धाप लागू लागते. पोती फळीवर, दाराआड ठेवा.

प्रश्न : घरच्याच अडीच महिन्यांच्या पिल्लाचा दात मुलीला लागला, थोडं रक्त आलं. शेजारी म्हणतात तिखट भरा. पिल्लू घरचंच आहे, मग सुई हवी का?

उत्तर : हवी. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला ती झालेलीच नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची. तिखट, हळद, चुना काही नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, तिथे ही लस मोफत मिळते. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. अंक छापून यायला वेळ लागतो, म्हणून तुम्हाला हे मी पत्र मिळाल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. मुलीची पहिली सुई झाली, हे कळलं. कार्डावर लिहिलेल्या पुढच्या सगळ्या तारखा पाळा, पिल्लू धडधाकट दिसत असलं तरी. आणि ते तीन महिन्यांचं झालं की त्यालाही लस द्या.