पाणभुंगा नव्हे, पाणसोंडा

नागपूरच्या अंबाझरी तलावातली जलपर्णी खाऊ शकेल अशा ‘वीव्हिल’ किड्याला मराठीत ‘पाणभुंगा’ म्हणावं का, असं एकांनी विचारलंय. म्हणू नये. पाठ कडक दिसली की किड्याला भुंगा म्हणून मोकळं व्हायची खोड लागली आहे, ऐकून कान किटले. भुंगा म्हणजे संस्कृतातला भृंग, फुलाभोवती गुणगुणणारा, मधमाशीच्या गोतातला. ‘जलकीटक’ तर नावच नव्हे. डासाची अळीही जलकीटकच.

इतवारी बाजारात धान्यवाल्याला विचारा, तांदळाला काय लागतं? सोंडे! वीव्हिल म्हणजे सोंडा. डोकं पुढे लांबत जाऊन त्याची सोंड होते आणि जबडे तिच्या टोकाला असतात. जलपर्णी खाणारा तो वीव्हिल, म्हणजे निओकेटिना, त्याच कुळातला. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, १९८० च्या दशकात जलपर्णी आवरायला भारतात मुद्दाम आणलेला. तांदळाच्या डब्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

पण खरा खजिना ‘सोंड’ या शब्दात आहे. संस्कृत शुण्डा, प्राकृत सोंडा, मराठी सोंड, इथवर सगळे एकमत. आता कोश पुढे वाचा: शुण्डा म्हणजे मद्यही! दारू गाळणारा तो शौण्डिक. हत्तीची शुण्डा वेगळी आणि मद्याची वेगळी, असं सांगणारे पंडित आहेत. त्यांनी भट्टी बघितलेली नसावी. मोहाची दारू गाळताना मडक्यातून बाहेर येणारी नळी म्हणजे हुबेहूब सोंड. नळीवरून दारूला नाव पडलं, हे माझं ठाम मत. पुढची पायरी तर फारच सुरेख: पिण्यात मुरलेला तो शौण्ड, आणि मग कशातही मुरलेला शौण्डच. पाणिनीचं ‘सप्तमी शौण्डैः’ हे समासाचं सूत्र (२.१.४०: सप्तमीतलं पद ‘शौण्ड’ वगैरे शब्दांशी जोडतात) याच शब्दावर उभं आहे; अक्षशौण्ड म्हणजे फाशांच्या खेळात पटाईत. दानशौण्डही आहे, रणशौण्डही. दोन वेगळे शब्द मानणाऱ्यांनी हा सगळा गोतावळा नुसत्या योगायोगावर सोडून दिला आहे, आणि ते मला मुळीच पटत नाही.

तर, पाणकोंबडी, पाणकावळा तसा पाणसोंडा, अनेकवचन पाणसोंडे. मात्र त्याच्या अळीला सोंडा म्हणू नका. तिला सोंड नसते, पायही नसतात. ती जलपर्णीचा देठ पोखरत गड्ड्यापर्यंत उतरते, पाण्याखाली मुळांना चिकटून कोश करते आणि त्यातून जो बाहेर येतो, तो सोंडा.