लशीची चाचणी वाचताना आधी भागाकार करा

नव्याने वाचायला बसलात तर ‘रोटाव्हॅक’ या रोटाव्हायरसविरोधी लशीच्या चाचणीचा 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेला अहवाल घ्या. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू इथली 6,799 बाळं. डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना. रोटाव्हायरसचा (बाळांना जुलाब करणारा विषाणू) तीव्र जुलाब लस गटात 71 वेळा, प्लासिबो गटात (लशीसारखाच दिसणारा, पण लस नसलेला डोस मिळालेली बाळं) 76 वेळा. ‘म्हणजे लस फुकटच!’ इथेच बहुतेकांची गाडी घसरते. वाटणी 2:1 होती, लस गटात दुप्पट मुलं! म्हणून छेद बघा: 4,752 आणि 2,360 बालक-वर्षं (एका बाळावर एक वर्ष लक्ष ठेवलं की एक बालक-वर्ष). दर शंभर बालक-वर्षांमागे 1.5 विरुद्ध 3.2, परिणामकारकता 53.6 टक्के. कंसातला पल्ला (35 ते 66.9), म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची दाट शक्यता आहे तो, वाचल्याशिवाय हा आकडा कुणाला सांगू नका.

‘तीव्र’ कशाला म्हटलंय तेही शोधा. इथे आजाराची तीव्रता मोजणाऱ्या वेसिकारी मोजपट्टीवर 11 किंवा जास्त गुण. जुलाब किती दिवस, उलट्या किती, ताप, पाणी कमी होणं, यांचे गुण. कोणाला लस मिळाली हे गुण देणाऱ्याला माहीत असेल तर नकळत हात सैल पडतो. म्हणून दुहेरी अंधत्व: कोणाला काय मिळालं हे ना पालकांना माहीत, ना तपासणाऱ्यांना.

आणि पन्नास हजारांत एखाद्याला होणारा दुष्परिणाम लस गटातल्या साडेचार हजार मुलांत बहुधा दिसणारच नाही. त्यासाठी लस लसीकरण कार्यक्रमात आल्यानंतरची देखरेख वेगळी वाचावी लागते.