बाळ झालं, ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये नाव रिन्यूअलला घालू का?

नाही, तोपर्यंत थांबू नका. आजच एचआरला मेल टाका.

ऑफिसच्या अशा ग्रुप पॉलिसीत वर्षाच्या मध्ये घरचा नवीन माणूस घेतात ते साधारण दोनच कारणांनी: लग्न आणि बाळ. त्यालाही मुदत असते, बऱ्याच ठिकाणी 30 दिवसांची. ती चुकली की रिन्यूअलपर्यंत बसून राहावं लागतं. तुमच्या कंपनीत नेमके किती दिवस, हे आधी विचारून घ्या.

बारसं झालं नाही, जन्मदाखला हातात नाही म्हणून लोक थांबतात, आणि मुदत तिथेच निघून जाते. फार वाईट वाटतं हे बघून. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव असतं ना, सहसा त्याच नावाने नोंद होते. खरं नाव नंतर बदलून घेता येतं. कावीळ झाली आणि बाळाला काचेत ठेवावं लागलं, तर बिल पहिल्याच आठवड्यात येतं. म्हणून 'बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का' हेही विचाराच.

नवरा-बायको दोघंही नोकरीत असाल तर दोन्हीकडे नाव घाला. तुमच्या आईवडिलांना मात्र बहुतेक कंपन्या मध्येच घेत नाहीत.

एचआरच्या 'हो, करतो' वर विसंबू नका. विम्याच्या ई-कार्डावर बाळाचं नाव आणि जन्मतारीख स्वतः वाचा.