मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडून ग्रीक चांदीची नाणी घ्यावीत का?

तुमचा प्रश्न असा: मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली चार लाखांची एफडी मोडून परदेशी लिलावातून अलेक्झांडर आणि त्याचे पुढे राजे झालेले सेनापती लायसिमाकस व पहिला टॉलेमी यांची चांदीची नाणी घ्यावीत का? प्रवेश तीन वर्षांवर आलाय. एफडीला हात लावू नका.

नाणी अप्रतिम आहेत, यात वाद नाही. अलेक्झांडरच्या नाण्यावर सिंहाचं कातडं पांघरलेला ग्रीक पुराणांतला वीर हेराक्लिस आहे. लायसिमाकसने आपल्या नाण्यावर स्वतःऐवजी अलेक्झांडरचाच चेहरा घेतला, कानाशी मेंढ्याचं शिंग दाखवून. पण जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. अलेक्झांडरची नाणी मॅसिडोनियापासून बॅबिलोनपर्यंत अनेक टांकसाळींत पाडली गेली आणि इ.स.पू. ३२३ मध्ये तो वारल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिली. त्यात चांदी साधारण १७ ग्रॅम. किंमत ठरते ती टांकसाळ, ठशाची सफाई आणि पूर्वीच्या मालकीची कागदपत्रं यांवर. चांदी वधारली म्हणून नाणं तेवढंच वधारेल, हा हिशेब चुकतो.

खरी अडचण विकताना येते. समजा एक लाखाची बोली लागली आणि लिलावगृहाचं शुल्क २० टक्के, तर तुम्ही १,२०,००० मोजता. त्याच बोलीला विकलंत आणि १० टक्के दलाली गेली, तर हातात ९०,०००. नुसतं मुद्दल सुटायला भाव ३३ टक्के चढायला हवा. टपाल आणि सीमाशुल्क मी धरलेलंच नाही. टॉलेमीने इजिप्तमध्ये परदेशी नाणी बंद करून आपली सुमारे १४ ग्रॅमची हलकी नाणी चालवली. १७ ग्रॅमचं नाणं देऊन १४ ग्रॅमचं घ्यावं लागणाऱ्या व्यापाऱ्याला असाच फटका बसे.

त्यात आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुनं नाणं एकदा भारतात आलं, की खासगी व्यक्तीला ते बाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशी लिलावाची वाट बंद, आणि इथे लायसिमाकस घेणारे मोजकेच.

आवड असेल तर बोनसमधून मिनँडर या भारतातल्या ग्रीक राजाचा एखादा द्राख्मा, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, घ्या. एका बाजूला ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी या आपल्या जुन्या लिपीतला. हे नाणं एकेकाळी भडोचच्या बाजारात चालायचं आणि त्याचे संग्राहक आपल्याकडेही आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, पक्कं बिल आणि आधीच्या मालकीचा लेखी पुरावा मागा. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्मालीला सापडलेला नाण्यांचा साठा चोरट्या मार्गाने अमेरिकेत गेला होता. तिथल्या खरेदीदारांना तो १९९९ मध्ये परत करावा लागला.