‘डेअरडेव्हिल’ इतकी काळोखी, रक्तबंबाळ मालिका आहे. तरी लोकांचा तिच्यावर एवढा जीव का?

तुमचा प्रश्न असा आहे: नेटफ्लिक्सने काढलेली ‘डेअरडेव्हिल’ तुम्ही चौथ्या भागापर्यंत बघितलीत, तिथे मोटारीच्या दारात माणसाचं डोकं चेचतात ते बघून पोटात ढवळलं आणि बंद केलीत. पण ज्यांनी ती बघितली आहे ते मात्र तिच्याबद्दल फार हळवेपणाने बोलतात. या लोकांना मारामारीच आवडते का, असं तुम्ही विचारलंय.

मला ही मालिका फार जवळची आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पुढचे प्रसंग उघड केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, तेवढं चालवून घ्या. ज्यांनी बघितलीच नाही त्यांच्यासाठी: नायक मॅट मर्डॉक आंधळा आहे, दिवसा वकिली करतो आणि रात्री मास्क लावून गुंडांशी लढतो.

आधी त्या दाराबद्दल. तुमचं पोट ढवळलं यात काही वावगं नाही, पुष्कळ जण तिथेच अडखळतात. १० एप्रिल २०१५ ला पहिल्या सीझनचे तेराही भाग एकदम आले. तोवर मार्व्हल म्हटलं की कसं असायचं? शहरं कोसळायची, हिरो विनोद मारायचा आणि रक्त जवळजवळ दिसायचंच नाही. त्याच दुनियेत विल्सन फिस्क, म्हणजे या मालिकेचा खलनायक, एका रशियन गुंडाला मारून मारून लोळवतो आणि मग त्याचं डोकं दारात धरून दार आपटत राहतो. कारण काय, तर फिस्क आपल्या आवडत्या व्हनेसासोबत जेवायला बसला असताना हा अनातोली मध्येच येऊन उभा राहिला आणि तिच्यादेखत त्याची शोभा झाली. एवढंच कारण. प्रसंग बघताना टाळ्या वाजवाव्यात असं कुणालाही वाटत नाही, आणि वाटू नये अशाच पद्धतीने तो काढलाय.

आठव्या भागात याच माणसाचं लहानपण येतं. बाप आईला पट्ट्याने मारतोय, मुलगा समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे टक लावून बसलाय, कारण बापानेच बसवलंय. आईच्या किंकाळ्या ऐकू येत राहतात आणि शेवटी मुलगा हातोडा उचलतो. त्याआधी तिसऱ्या भागात हाच फिस्क मोठेपणी एका आर्ट गॅलरीत नुसत्या पांढऱ्या कॅनव्हाससमोर एकटा उभा दिसतो. ते चित्र त्याने का घेतलं, हे आठव्या भागात लक्षात आलं की अंगावर काटा येतो. व्हिन्सेंट डोनोफ्रिओने हा माणूस असा उभा केलाय की त्याची कीव येते आणि भीती तसूभरही कमी होत नाही. एवढी वर्षं झाली तरी लोक मालिकेच्या खलनायकाबद्दल तासन्‌तास बोलतात ते यामुळे.

आता मारामारीकडे येते. तुम्ही दुसरा भाग बघितलाय, म्हणजे कॉरिडॉरमधली ती मारामारी बघितली आहे. रशियन टोळीने एका लहान मुलाला पळवून कोंडून ठेवलंय आणि मॅट मर्डॉक त्याला सोडवायला गेलाय. कॅमेरा त्या अरुंद, पिवळट-हिरव्या बोळात मागेपुढे होतो, पण कुठेही तुटत नाही. आता पुन्हा तो प्रसंग लावा आणि फक्त मॅटचं अंग बघा. त्याआधीच त्याला इतका मार बसलाय की क्लेअर नावाच्या नर्सने त्याला कचऱ्याच्या पेटीतून बाहेर काढलं होतं. बोळात शिरल्यावर दोन-चार ठोसे झाले की तो भिंतीला टेकतो, धापा टाकतो. त्याने पाडलेली माणसं पडून राहत नाहीत, तीही कशीबशी उठतात. पुन्हा मारायचं, पुन्हा टेकायचं. काही झटापटी खोलीत, कॅमेऱ्याच्या नजरेआड होतात. आपल्याला फक्त आवाज येतो, आणि एकदा तर आतून मायक्रोवेव्हच उडत बाहेर येतो. शेवटी तो त्या पोराला उचलून घेतो आणि त्याच बोळातून हळूहळू चालत निघून जातो.

सुपरहिरो दमतो, हे प्रेक्षकांनी इतक्या जवळून बघितलेलं नव्हतं. त्याच भागात मॅटच्या बापाची गोष्ट चालू असते. तो बॉक्सर, पैसे घेऊन हरणारा, पण मार खाऊन परत उभा राहण्याबद्दल प्रसिद्ध. मुलगा त्याच्या जखमा शिवतो. बोळातली मारामारी या गोष्टीला येऊन मिळते, म्हणून ती लक्षात राहते. मारामारी खूप मालिकांत चांगली असते. इथे प्रत्येक ठोशाची किंमत कुणीतरी मोजतं आणि दुसऱ्या दिवशीही ती दिसत राहते: ऑफिसात मॅट बरगड्या सांभाळत बसतो, फॉगी या वकील मित्राला थापा मारतो, चर्चमध्ये फादर लँटमसमोर शब्द शोधत बसतो.

नुसता काळोख पुरला असता तर ‘आयर्न फिस्ट’ही लोकांनी डोक्यावर घेतली असती. तीही नेटफ्लिक्सचीच, त्याच जगातली, मार्च २०१७ ची. प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी मिळून तिची सालटी काढली. मुख्य तक्रार तिथल्या मारामारीबद्दल होती: हात-पाय हलतात, पण कुणाचं काही पणाला लागलेलं दिसत नाही. खुद्द ‘डेअरडेव्हिल’च्या दुसऱ्या सीझनबद्दलही प्रेक्षकांनी हेच सुनावलं. पहिल्या चार भागांत पनिशर आहे, म्हणजे कुटुंब मारलं गेल्यावर गुन्हेगारांना ठार मारत सुटलेला माणूस. ती भूमिका करणारा जॉन बर्नथल कबरीजवळ बसून आपल्या मुलीची शेवटची रात्र सांगतो, तो प्रसंग आजही लोक एकमेकांना पाठवतात. पुढे निन्जांच्या झुंडीच्या झुंडी येऊ लागल्या आणि तेच प्रेक्षक कंटाळले. निन्जाला चेहरा नाही, तो मेला तर वाटणार काय? शिवाय जपानी म्हणजे निन्जा, चिनी बाई म्हणजे गूढ म्हातारी, रशियन म्हणजे दांडगट, ही पात्रांची ठेवण बऱ्याच जणांना खटकली. मलाही खटकते. बेन युरिक या प्रामाणिक, म्हाताऱ्या, कृष्णवर्णीय पत्रकाराला पहिल्या सीझनच्या शेवटी मारून टाकलं, त्याबद्दलचा राग आजही गेलेला नाही, आणि तो रास्तच आहे.

मुंबईत वाढलेल्या प्रेक्षकाला या मालिकेत आणखी एक गोष्ट भिडते, ती म्हणजे घर. हेल्स किचन हा न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पश्चिमेकडचा भाग. मालिकेत सुपरहिरोंच्या मोठ्या लढाईत तो उद्ध्वस्त झालाय आणि आता बांधकामाच्या कंत्राटांवर फिस्कचा डोळा आहे. तिथे कार्देनास आजी नावाची एक भाडेकरू राहते. मालक माणसं पाठवतो, दुरुस्तीच्या नावाखाली ती घराची वाट लावून जातात, म्हणजे भाडेकरू आपोआप कंटाळून निघून जातील. फॉगी आणि त्यांच्या ऑफिसात काम करणारी कॅरन येऊन तिचं मोडलेलं सामान दुरुस्त करतात आणि ती त्यांना जेवायला वाढते. पुढे काही भागांनी ती मारली जाते, आणि तेही केवळ मास्कवाल्याला, म्हणजे मॅटला, बाहेर काढण्यासाठी. लालबाग-परळला ज्यांच्या घरात पागडी, नोटीस, बिल्डर, ट्रान्झिट कॅम्प हे शब्द रोजचे होते, त्यांना ही आजी परकी वाटत नाही. माझी आई पडद्यावरची मारामारी सुरू झाली की उठून जायची, पण आजीचं काय झालं हे स्वयंपाकघरातून विचारायची.

आता ज्या प्रतिक्रियेबद्दल फारसं बोललं जात नाही आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती सांगते. मालिकेचा नायक आंधळा. पण १० एप्रिलला मालिका आली तेव्हा ती अंध प्रेक्षकांना बघायची सोयच नव्हती, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते आवाजात सांगणारा ऑडिओ डिस्क्रिप्शनचा ट्रॅक नव्हता. अंध प्रेक्षक आणि त्यांच्या संघटना आधीपासूनच नेटफ्लिक्सकडे हे मागत होत्या. आता तर आंधळ्या हिरोची मालिका आंधळ्यांनाच कळत नाही, हा मुद्दा सरळ समोर आला. चार दिवसांत, १४ एप्रिलला, नेटफ्लिक्सने जाहीर केलं की ऑडिओ डिस्क्रिप्शनची सुरुवात ‘डेअरडेव्हिल’पासून होतेय आणि मग बाकीच्या मालिका. आज ही सोय आपण गृहीत धरतो, पण तिच्यामागे प्रेक्षकांचा रेटा आहे.

माझी एक मैत्रीण जन्मापासून दृष्टिहीन आहे. तिने ही मालिका त्या ट्रॅकवर ऐकली. मॅटला हृदयाचे ठोके ऐकू येतात, खोलीत किती माणसं आहेत ते कळतं, म्हणजे तो नावालाच आंधळा, ही तिची तक्रार होती, आणि अनेक अंध प्रेक्षकांची तीच आहे. पण चार्ली कॉक्सचं काम तिला पटलं. जो स्ट्रेचे या स्वतः अंध असलेल्या सल्लागाराबरोबर त्याने पांढरी काठी वापरण्याचा, वस्तू चाचपण्याचा सराव केला होता. कोर्टात मॅट फॉगीचा दंड धरून चालतो, तर तो कसा धरतो, हे तिने मला समजावून सांगितलं: धरायचं असतं ते आंधळ्याने. डोळस माणसाने आंधळ्याला धरून ढकलायचं नसतं. मी तोवर ते बघितलं होतं पण मला दिसलं नव्हतं.

तिसरा सीझन १९ ऑक्टोबर २०१८ ला आला, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकांना त्यातला रे नदीम विशेष जवळचा वाटला. भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबातला एफबीआयचा अधिकारी, बायको सीमा, मुलगा सामी. वहिनीच्या कॅन्सरच्या उपचारांत घर कर्जात बुडालंय आणि कर्ज आहे म्हणून बढती अडलीय. फिस्क त्याला नेमका तिथेच धरतो. सुरुवातीला छोटी तडजोड, मग तिच्यापायी मोठी, आणि लक्षात येईपर्यंत परतीचा रस्ता बंद. जे अलीने हा सरळ माणूस इतका खरा केलाय की शेवटी तो मोबाइलवर आपला कबुलीजबाब रेकॉर्ड करून मरणाची वाट बघत बसतो, तेव्हा मॅटपेक्षा त्याच्यासाठी जास्त रडलेले लोक मला माहीत आहेत. या सीझनमध्ये तुरुंगातली सलग, जवळजवळ अकरा मिनिटांची मारामारीही आहे. ती थक्क करते. पण लोक आधी नदीमचं नाव घेतात.

आणि हे सगळं जमून आलेलं असताना, महिना-सव्वा महिन्यात, २९ नोव्हेंबर २०१८ ला मालिका रद्द झाली. पुढचा सीझन लिहायची तयारी सुरू होती. प्रेक्षकांनी ‘सेव्ह डेअरडेव्हिल’ मोहीम काढली, सह्या गोळा केल्या, आणि इतर मोहिमा थंडावतात तशी ती थंडावली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘स्पायडरमॅन: नो वे होम’मध्ये चार्ली कॉक्स मिनिटभरासाठी आला, खिडकीतून आलेली वीट त्याने न बघता झेलली, आणि आमच्या थिएटरात ज्या शिट्ट्या पडल्या त्या मला अजून ऐकू येतात. शेजारच्या कुटुंबाला हा कोण हेच माहीत नव्हतं; मागच्या रांगेतल्या पोराने त्यांना वाकून सांगितलं.

४ मार्च २०२५ ला याच कथेची पुढची मालिका ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ आली. तिचं बरंचसं चित्रीकरण झाल्यावर २०२३ मध्ये मार्व्हलने लेखक बदलले. मूळ आराखड्यात नसलेले कॅरन आणि फॉगी परत आणले, आणि पहिल्याच भागात फॉगीला मारलं. जुन्या प्रेक्षकांत इथे सरळ दोन तट पडले. काहींना मॅट आणि महापौरपदासाठी उभा राहिलेला फिस्क समोरासमोर बसलेले बघूनच भरून आलं. काहींनी तिथेच टीव्ही बंद केला. मी बघितली, पण फॉगीचं जाणं मला अजून मान्य नाही. त्या ऑफिसातली तिघांची थट्टामस्करी हाच या मालिकेतला उजेड होता. तो पहिल्या फटक्यात विझवून मग काळोख दाखवण्याला तेवढा अर्थ उरत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं: ज्यांचा या मालिकेवर जीव आहे, ते मारणाऱ्यापेक्षा मार खाऊन उठणाऱ्यांबद्दल बोलत असतात, आणि त्यात मॅट एकटा नाही.

परत बघावीशी वाटली तर पाचव्या भागापासून सुरू करा, चौथा पुन्हा बघायची गरज नाही. आठव्यात हातोडा उचलला की एक मिनिट पुढे ढकला, काही चुकत नाही. दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात ड्रिल मशिन दिसलं की तेच करा, पण भाग सोडू नका, कबरीजवळचा प्रसंग त्यातच आहे. दुसऱ्या सीझनचा उत्तरार्ध भरभर संपवला तरी चालेल. तिसरा मात्र सलग बघा, आणि शक्य झालं तर एखादा भाग ऑडिओ डिस्क्रिप्शन लावून, डोळे मिटून ऐका.